लेक पुण्यात मिळाली, घर साता समुद्रापार: पहिले काही आठवडे

परदेशात राहणारी आपली मराठी ख्रिस्ती जोडपी दत्तकासाठी पुण्यात येतात, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने त्यांचा फोन मला येतो. माझी लेक १९९९ साली घरी आली, वीस महिन्यांची होती. तीन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ आणि भावजय न्यू जर्सीहून आले आणि एकवीस महिन्यांची मुलगी घेऊन गेले. एवढ्या अनुभवावर लोक मला विचारतात, आणि मी तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदा लिहूनच काढते. 'मुलगी' म्हणून लिहिते आहे, मुलगा असला तरी सगळं हेच.

कागदांचं आधी, कारण घरातली मोठी माणसं पहिल्याच दिवशी विचारतात, "आपल्यात दत्तक चालतं का?" त्यांचं चुकत नाही. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. आपल्याला होता १८९०चा पालकत्वाचा कायदा. मी आणि माझे मिस्टर शिवाजीनगरच्या कोर्टातून बाहेर पडलो ते लेकीचे 'पालक' म्हणून. कागदावर आईबाप नव्हतोच, आणि ते पालकत्वसुद्धा तिच्या अठराव्या वर्षापर्यंतचं. घर तिच्या नावे व्हावं म्हणून वेगळं मृत्युपत्र करावं लागलं. बाल न्याय कायदा २००० साली आला आणि २००६च्या दुरुस्तीनंतर हे बदललं. कुठल्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं. आता २०१५चा कायदा आहे. दत्तकाचा आदेश निघाला की मूल सर्वार्थाने तुमचं. १ सप्टेंबर २०२२पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

तुमचा क्रम साधारण असा असतो: 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारी प्राधिकरणाचं, ना हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर दत्तकपूर्व संगोपनासाठी मुलीचा ताबा, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, तुमची नावं असलेला जन्मदाखला, हेग करारानुसार (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मिळणारं, दत्तक नियमाप्रमाणे झाल्याचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. आदेशासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे ताबा मिळाल्यापासून विमानात बसेपर्यंतचा काळ पुण्यातच जाणार. भाऊ नऊ आठवडे इथे होता. पुढचं सगळं या काळाबद्दल आहे.

कुठे उतरायचं

आजीच्या घरी उतरू नका. हे लिहिताना मला माझी सासू दिसते आहे, पण तरी लिहिते. आजीच्या घरात दार उघडं असतं, शेजारी येतात, आत्या येते, आत्याची जाऊ येते, आणि प्रत्येकीला बाळ मांडीवर हवं असतं. दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घ्या, शक्यतो खालच्या मजल्यावर. वानवडी, कॅम्प, फातिमानगर कुठेही. मुलगी जिथे आहे ती दत्तक संस्था आणि स्टेशनजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय इथे तुम्हाला वारंवार जावं लागेल, ते अंतर बघा. तारखा तुमच्या हातात नसतात, पण गणपतीचे दिवस आले तर निदान ढोलपथकाच्या सरावाच्या मैदानाशेजारी घर नको.

घरात फार काही आणू नका. जमिनीवर गादी, स्टीलची वाटी आणि चमचा, बादली, मग, रात्रीचा मंद दिवा, दोन खेळणी. दोनच. भावजयीने सूटकेस भरून खेळणी आणली होती. मुलगी कपाटाशी पाठ लावून त्यांच्याकडे बघत राहिली, हात एकालाही लावला नाही. तिला आवडली ती बटाट्याची जाळीची पिशवी.

गाडीत बसवायची कार सीट आत्ताच विकत घ्या आणि पुण्यात ती खुर्चीसारखी जमिनीवर ठेवा. त्यात बसवून बिस्किट द्या, पट्टा लावायचा-काढायचा खेळ करा. ज्या देशात जाणार तिथे विमानतळाबाहेर पडताच तिला त्यात बांधावं लागणार आहे. त्या वेळी ती ओळखीची असू दे.

ताबा घेण्याआधी

संस्था परवानगी देईल तितके दिवस ओळीने भेटायला जा. एकदा दोन तास बसण्यापेक्षा चार दिवस अर्धा अर्धा तास बरा. आणि अधीक्षक मॅडमपेक्षा ज्या मावशी तिला रोज भरवतात, निजवतात, त्यांच्याशी बोला. विचारा: ती कुशीवर झोपते की पालथी? थोपटलेलं आवडतं की नुसता हात ठेवलेला? दूध वाटीने की बाटलीने, आणि त्यात पाणी किती? शी करायला ठरलेल्या वेळी बसवतात का? कशाला घाबरते? शेजारच्या पाळण्यात कोण असतं?

तिचे शब्द लिहून घ्या. मम, शू, भुर्र, बाऊ, गाई हे आपल्याला माहीत असतात, पण प्रत्येक संस्थेत दोन-चार शब्द घरचेच असतात. भावाच्या मुलीसाठी 'टप' म्हणजे संपलं. हे कळलं नसतं तर ती रिकामी वाटी पुढे करून 'टप टप' म्हणत राहिली असती आणि हे दोघे पाऊस पडतो का बघत बसले असते. मावशी जे अंगाईगीत म्हणतात ते फोनवर घ्या, मात्र तिला फोनवरून ऐकवू नका. स्वतः शिका आणि बेसूर का होईना, स्वतः म्हणा.

अंथरायची चादर किंवा अंगातला झबल्यासारखा कपडा मागून घ्या आणि तो धुवू नका. वास जाईल. घरात आलेली प्रत्येक बाई तो धुवायला उचलेल, लक्ष ठेवा. बदल्यात संस्थेला नव्या चादरी द्या.

तिची फाइल, लसीकरणाचं कार्ड, वजनाचा तक्ता, जुने फोटो यांच्या प्रती घ्या. मावशींसोबत तिचा एक फोटो काढा. पुढे ती विचारेल तेव्हा दाखवायला तुमच्याकडे एवढंच असेल. मात्र आदेश निघायच्या आधी तिचा फोटो फेसबुकवर किंवा कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

तो दिवस

झोपलेली असताना उचलून आणू नका. सोपं वाटतं, रडारड होत नाही, म्हणून पुष्कळजण सुचवतात. विचार करा, डोळे मिटले तेव्हा वीस मुलं होती, मावशी होत्या, आणि उघडले तेव्हा तुम्ही दोघं. मावशींनी जागेपणी स्वतःच्या हाताने तुमच्या हातात द्यावी, टाटा करावा. रडेल. मावशीही रडतील. रडू द्या.

गाडीत ओकण्याची तयारी ठेवा. बहुतेक मुलं त्याआधी दवाखान्यापलीकडे कुठे गेलेलीच नसतात. टॉवेल, कपड्यांचा जोड, पाणी. वाटेत हार, पेढे, चर्चपुढे फोटो यातलं काही नाही. थेट घर.

जेवण

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त फोन यावरूनच येतात.

जे ती संस्थेत खात होती तेच, त्याच वेळी द्या. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, पेज, कुस्करलेलं केळं. कदाचित चावायची सवयच नसेल. अनेक मुलांना एकीने भरवायचं म्हणजे सगळं पातळ आणि भराभर. त्यामुळे पोळीचा तुकडा गालात तासभर तसाच राहतो. झोपवण्याआधी तोंडात बोट फिरवून बघा. नवा पदार्थ तीन-चार दिवसांतून एक. आजीचा मटणाचा रस्सा कितीही औषधी असला तरी महिनाभर थांबेल.

काही मुलं खातच सुटतात, ओकेपर्यंत. तिला 'हावरट' म्हणू नका, चेष्टेतसुद्धा नाही, आणि समोरची वाटी उचलून नेऊ नका. वाटी छोटी करा, दर दोन तासांनी द्या, आणि डबा तिला दिसेल असा ठेवा. दोन जेवणांच्या मध्ये भाकरीचा तुकडा हातात राहू दे. ती तो खाणार नाही, धरून फिरेल. आमची लेक भाकरी उशीखाली ठेवायची. मुंग्या व्हायच्या. मी रोज रात्री जुना तुकडा काढून ताजा ठेवायची. सहा आठवड्यांनी एका सकाळी उशीखाली काही नव्हतं.

आणि भरवायचं फक्त तुम्ही दोघांनी. पाहुण्याच्या हातचं चॉकलेट नाही, शेजारच्या काकूंचं बिस्किट नाही. त्यांना द्यायचंच असेल तर तुमच्या हातात द्यावं, तुम्ही तिला द्या. कठोर वाटेल, पण आजवर तिला ज्याच्या हातात वाटी असेल तो आपला, एवढंच माहीत आहे. निदान काही महिने ती वाटी तुमच्याच हातात दिसू दे.

झोप, अंघोळ

तिला शांततेची सवय नाही. रात्री कुणीतरी खोकतं, कुणी रडतं, दिवा असतो, मावशींच्या बांगड्या वाजतात. तुमच्या बंद खोलीतला काळोख तिला नवा आहे. दिवा लावून ठेवा, पंखा आवाज करणारा असेल तर उत्तम. वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाळण्यात निजवण्याची परदेशी पद्धत आत्ता नको, तुमची गादी तिच्या गादीला लागून हवी. रात्री दोनदा-तीनदा उठून बसेल. बोलायची गरज नाही, हात लागला तरी पुरतं.

अंघोळ बादलीने. फ्लॅटमधल्या शॉवरखाली धरू नका, वरून पडणारं पाणी बघून किंचाळेल. पहिले दोन दिवस नुसतं पुसून घेतलं तरी आभाळ कोसळत नाही.

रडत नाही तेव्हा

नातेवाईक म्हणतील, "किती गुणी आहे गं, पडली तरी रडत नाही!" माझ्याही सासूबाईंनी म्हटलं होतं आणि मला अभिमान वाटला होता. लाज वाटते आता. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की, रडल्यावर कोणी येतंच असं नाही, हे शिकलेलं मूल रडणं सोडून देतं. म्हणून ती पडली आणि नुसती उठून चालू लागली तरी तुम्ही जा, उचला, 'बाऊ झाला?' म्हणा, फुंकर घाला. थोड्या दिवसांनी ती लहानसहान गोष्टीला भोकाड पसरेल. तेव्हा बिघडली असं समजू नका.

उलट प्रकारही असतो. कुणाच्याही कडेवर हसत जाते, वॉचमनच्या, डिलिव्हरीवाल्याच्या. लोकांना ते लाघवी वाटतं. तिला मात्र अजून आपलं-परकं उमगलेलं नसतं. हसून परत घ्या आणि 'ती आईकडे येते आहे' एवढंच म्हणा.

मावशी आणि बाबा

ती तुम्हाला 'मावशी' म्हणेल. संस्थेत प्रत्येक बाई मावशी, म्हणून तुम्हीही. भावजय तेराव्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. "मी सात वर्षं वाट बघितली, आणि मावशी?" दुरुस्त करू नका. 'मी मावशी नाही, आई' असा पाठ घेऊ नका. फक्त स्वतःबद्दल बोलताना 'आई' म्हणत राहा: आई भात आणते, आईने दिवा लावला. तिच्यासाठी मावशी हा तोवरचा सगळ्यात मोठा शब्द आहे.

बाबांचं वेगळं. संस्थेत पुरुष फारसे दिसत नाहीत. जाड आवाज, दाढी याने ती ओरडू शकते. भावाने करून पाहिलेला उपाय सांगते. तो तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचा आणि सावकाश केळं सोलायचा. बघायचा नाही, बोलवायचा नाही. चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. या दिवसांत बाबाने रुसू नये आणि आईने 'बघ, मलाच चिकटते' असं मिरवू नये. रजा संपली म्हणून बाबा दहाव्या दिवशी परत गेला असंही नको. दोघांनी निदान पहिले तीन आठवडे सोबत काढा.

मंडळी

आता सगळ्यात अवघड भाग. बाळ आलं म्हटल्यावर आपली मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, काय करते हे तुम्हाला माहीत आहे. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) येतात, महिला मंडळ येतं, पंधरा जण बैठकीत बसतात, दोन गीतं होतात, मग सगळे उभे राहून बाळाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. खाली उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पंधरा अनोळखी हात आणि आवाज. भावाच्या घरी तिसऱ्याच दिवशी हे झालं आणि त्या रात्री ती गादीखाली शिरून झोपली. येणाऱ्यांचा दोष नव्हता, मीच दार उघडलं होतं.

म्हणून पाळकांना आधीच फोन करा. सरळ सांगा: पाच मिनिटं या, एकटे या, दारातूनच प्रार्थना करा, तिला हात लावू नका. समजूतदार पाळक ऐकतात. महिला मंडळाला काम द्या, नाहीतर ते येणारच. डबा पाठवा म्हणावं, दाराला टांगून जा. ती मदत खरोखर लागते. उपकारस्तुतीची सभा ठेवायची तर बाळाशिवाय ठेवा. पाहुण्यांना चहालाही बोलावू नका. पुण्यात १८९० साली पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं होतं. तुमच्या न दिलेल्या चहावरूनही थोडंफार होईल. होऊ द्या.

चर्चला तीन-चार आठवड्यांनी जा. मोठ्या रविवारच्या भक्तीऐवजी आधी एका कामाच्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये तिला चालू द्या, बाकांना हात लावू द्या. मग रविवारी शेवटच्या बाकावर, दाराजवळ. भक्तीच्या शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच निघा, कारण आशीर्वादानंतर सगळी मंडळी दारात असते आणि गाल ओढल्याशिवाय कोणी सोडत नाही. बाप्तिस्मा आत्ता द्यायचा की नुसतं समर्पण (पाण्याशिवाय, प्रार्थना करून देवाला वाहणं) करायचं हा वाद तुमच्या दोन्ही घरांत असेलच. तो परदेशी पोचल्यावर, तुमच्या नेहमीच्या मंडळीत मिटवा. इथल्या नऊ आठवड्यांत पांढरा फ्रॉक आणि कपाळावर पाणी याची घाई नाही.

चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगताना, जपा. कोणत्या स्टेशनवर सापडली, आई कोण होती, हे माइकवर सांगायचं नाही. ती हकीकत तिची आहे. मोठी झाल्यावर ती सांगेल किंवा सांगणार नाही. 'अनाथाला आधार दिलात, मोठं पुण्याचं काम' असं म्हणणारे भेटतील. मी उत्तर द्यायचे, "आम्हाला मूल हवं होतं हो." बहुतेक जण तिथे थांबतात.

डॉक्टर

पहिले तीन दिवस, आजारी नसेल तर, सुई नको. आठवड्याभरात एका बालरोगतज्ज्ञाला दाखवा. संस्थेचं लसीकरणाचं कार्ड न्या, रक्तातलं लोह, जंत, खरूज, कान, डोळे बघायला सांगा. खरूज निघाली तर घाबरू नका, औषध मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. पाठीवर किंवा कमरेखाली निळसर डाग दिसले तर ते जन्मखूण असू शकतात, आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना असतात. फाइलमध्ये त्याची नोंद करून घ्या, परदेशी डॉक्टरांना कधी कधी ती माराची खूण वाटते.

निघताना

पासपोर्टसाठी मुंढव्याच्या सेवा केंद्रात तिला घेऊन जावं लागेल. खाऊ आणि ती चादर सोबत. आदेश, जन्मदाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचा. नावावरून आठवलं: घरी हाक मारताना जुनं नाव एकदम टाकू नका, नवं त्याला जोडून म्हणा. अमेरिकेत जाणार असाल आणि दोघांपैकी एक जण तिथला नागरिक असेल, तर इथेच दत्तक पूर्ण होऊन योग्य व्हिसावर गेलेल्या मुलाला तिथे उतरताच नागरिकत्व मिळतं. दुसरे देश दुसरे नियम, तुमच्या तिथल्या दत्तक एजन्सीला विचारा. पोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलगी कशी आहे याचा तुमच्याकडचा अहवाल भारतात यायला हवा. त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर मांडा.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट विमान मिळणं कठीण, बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. रात्रीच्या विमानासाठी दुपारीच निघा, घाटात गर्दी लागते. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर तिला स्वतंत्र सीट लागते. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा घोट घोट पाणी किंवा दूध पाजत राहा. निरोपाला विमानतळावर फक्त एक माणूस. आमच्याकडून मी गेले, आजी गेल्या नाहीत. अजून ऐकवतात.

सामानात स्टीलची तीच वाटी, तोच चमचा, न धुतलेली चादर आणि थोडा मऊ होणारा तांदूळ घ्या. तांदूळ आणि तूप न्यायला त्या देशात परवानगी आहे का, हे आधी बघा. पोचल्यावर तिथल्या मित्रमंडळींनी फुगे बांधून ठेवलेले असतील तर तेही आधीच नाही म्हणून सांगा. तिथे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात आहे: एक खोली, दोन माणसं, दोन खेळणी.

आणि वेळेचं. पुण्यात दुपारी एक वाजता ती जेवत होती. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पहिला आठवडाभर ती बरोबर त्या वेळी उठून 'मम' म्हणेल. झोपण्याआधी कुकर लावून ठेवा.